जर्मनीतल्या छोट्या गावात एक सत्र काढायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “ताई, हिवाळी सत्रासाठी जर्मनीतल्या एका लहान विद्यापीठाच्या गावात एक्स्चेंजवर निवड झाली आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आत. जर्मन ए-वनपर्यंत (सुरुवातीच्या पातळीपर्यंत) झालं आहे, कोर्स इंग्रजीत आहेत. बर्लिन-म्युनिकला गेलेले बरेच जण ओळखीचे आहेत, पण अशा गावात राहिलेलं कोणीच नाही. रुळायला किती वेळ लागतो, एकटं पडायला होतं का, आणि आधीपासून काय तयारी करावी?”

मी जर्मनीतल्याच एका लहान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात बरीच वर्षं काम करते. दर सत्राला बाहेरून येणाऱ्या मुलांना स्टेशनवरून आणण्यापासून त्यांची खोली परत ताब्यात घेईपर्यंतचं सगळं आमच्याकडे असतं. त्यामुळे कोण कुठे अडकतं हे मला बऱ्यापैकी माहीत आहे.

किती वेळ लागतो, याचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. पूर्ण पदवीसाठी आलेली मुलं पहिलं वर्षभर चाचपडत राहिली तरी चालून जातं. तुला ती सवलत नाही. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण बहुतेक विद्यापीठांत तास सुरू होतात ऑक्टोबरच्या मध्याला आणि संपतात फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास. मध्ये नाताळची साधारण दोन आठवड्यांची सुट्टी. (तुझी संस्था विद्यापीठ नसून ‘होखशुले’, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च शिक्षण देणाऱ्या, प्रकारातली असेल तर सगळं बरंच आधी सुरू होतं, तेव्हा तारखा नीट बघ.) म्हणजे वर्ग, माणसं आणि गाव एकाच वेळी जागेवर असतात ते जेमतेम चौदा-पंधरा आठवडे. ‘आधी सगळं मार्गी लावू, मग लोकांत मिसळू’ असं ठरवणाऱ्यांचं मार्गी लागणं डिसेंबरात उरकतं, आणि तोवर अर्धं वसतिगृह बॅगा भरून घरी निघालेलं असतं. कागद आणि माणसं ही दोन्ही कामं पहिल्या महिन्यातच, बरोबरीने सुरू करायची. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. पुढे फक्त ते कसं जमवायचं ते सांगते.

‘छोटं गाव’ म्हणजे नक्की कसलं, तेही बघून घे. ट्युबिंगन किंवा मारबुर्गसारख्या गावांत विद्यार्थ्यांचं प्रमाण इतकं मोठं आहे की सगळं गावच त्यांच्या वेळापत्रकाने चालतं. इल्मेनाऊ, सॅक्सनीतलं फ्रायबर्ग, क्लाउस्थाल-त्सेलरफेल्ड ही तांत्रिक विद्यापीठांची गावं वेगळी. क्लाउस्थालला तर रेल्वे स्टेशनच नाही. गोस्लारला उतरून बसने डोंगर चढून जावं लागतं. अशा ठिकाणी शेवटची बस किती वाजता आहे, हा तुझ्या रोजच्या आयुष्यातला मोठा प्रश्न असतो. निघण्याआधी नकाशावर तीन अंतरं बघ: वसतिगृह ते विभाग, वसतिगृह ते सुपरमार्केट, वसतिगृह ते स्टेशन. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काही मार्गांवर ‘रूफबुस’ असते, म्हणजे आधी फोन किंवा अ‍ॅपवरून सांगितलं तरच येणारी बस. ती न सांगता येत नाही, हे बरेच जण अंधारात थांब्यावर उभे राहून शिकतात.

पोचायचं कधी? सोमवार ते गुरुवार, आणि शक्यतो दुपारच्या आत. वसतिगृहाची किल्ली देणारा हाउसमाइस्टर ठरावीक वेळेतच भेटतो. शुक्रवारी दुपारनंतर तो नसतो, शनिवारी-रविवारी तर नाहीच. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून शनिवारी रात्री उतरणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांचे पहिले दोन दिवस हॉटेलात जातात आणि रविवारी दुकानं बंद म्हणून उपाशीपोटी. खोलीत बहुधा पलंग, गादी, टेबल, कपाट असतं; चादर, उशी, पांघरूण, भांडी नसतात. हे सगळं पहिल्याच दिवशी लागतं, म्हणून दुकानं उघडी असताना पोच.

आता कागद. पहिला कागद पत्त्याच्या नोंदणीचा, आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ब्युर्गरब्युरोत जाऊन नाव नोंदवायचं, हा कायदाच आहे. त्यासाठी घरमालकाचं, म्हणजे तुझ्या बाबतीत वसतिगृहाचं, तू तिथे राहतेस असं सही केलेलं पत्र लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. किल्ली घेतानाच ते पत्र मागून घे. छोट्या गावातला एक मोठा फायदा इथे कळतो: बर्लिनमध्ये या अपॉइंटमेंटसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागू शकतं, तुझ्या गावात बहुधा त्याच आठवड्यात काम होईल. तोटा असा की कार्यालय आठवड्यातून काही सकाळी आणि एखाद्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उघडं असतं, आणि खिडकीपलीकडच्या बाई इंग्रजी बोलतीलच असं नाही. विद्यापीठाकडून ‘बडी’, म्हणजे मदतीला दिलेला तिथला विद्यार्थी, मिळत असेल तर त्याला याच कामासाठी बरोबर ने. त्याच्याबरोबर फिरायला नंतरही जाता येईल.

या नोंदणीवर बाकीचं बरंच काही टांगलेलं असतं. बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) दरमहा सुटणारे पैसे, करक्रमांक, परदेशी नागरिक कार्यालयाची फाइल, सगळीकडे हाच कागद मागतात. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो अशी धरली जाते. ती तुझ्या हातात यायला खातं चालू व्हावं लागतं, आणि त्यात पहिले दोन-तीन आठवडे सहज जातात. मधल्या काळात भाडं, डिपॉझिट, चादर-भांडी आणि खाणं यांना पुरतील इतके पैसे वेगळ्या कार्डवर ठेव, थोडे रोख. लहान गावातल्या बेकरीत किंवा आठवडी बाजारात कार्ड चालत नाही असं अजूनही होतं.

आणि आता टपालपेटी. ही गोष्ट मी प्रत्येक मुलाला हात धरून दाखवते, कारण सांगून कोणाला खरी वाटत नाही. जर्मनीत पत्त्यामध्ये सहसा खोली क्रमांक नसतो. पोस्टमन इमारतीत येतो, पेट्यांवरच्या नावांवरून नजर फिरवतो आणि ज्या नावाची पेटी सापडत नाही ते पत्र परत घेऊन जातो. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, त्याचा पिन दुसऱ्या, विमा कार्ड तिसऱ्या, करक्रमांक चौथ्या. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर ही चारही पत्रं परत जातात आणि तुला पत्ताही लागत नाही, कारण परत गेल्याचं कोणी कळवत नाही. म्हणून किल्ली मिळाली की बॅग खोलीत टाक, खाली ये, कागदाच्या पट्टीवर पासपोर्टवर आहे तसं नाव छापील अक्षरांत लिही आणि पेटीवर व बेलवर लाव. आपल्याकडे वडिलांचं नाव, आडनाव, कधी आधी कधी नंतर, असा घोळ असतो. पत्रावर जे आडनाव छापलं जाणार ते पट्टीवर हवंच. हाउसमाइस्टर नंतर छापील पट्टी देतो, पण त्याची वाट बघू नकोस.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी त्या पेटीत एक पत्र हमखास येतं, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिना १८.३६ युरो, घरटी एक. ‘माझ्याकडे टीव्ही नाही’ हे कारण चालत नाही. कोणी फसवतंय असं समजून ते फेकणारी मुलं असतात, आणि मग दंडासकट पत्रं येत राहतात. शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये असशील तर सगळ्यांत मिळून एकच वर्गणी, म्हणून आधी फ्लॅटमधल्यांना विचार की कोण भरतंय. वसतिगृहात सार्वजनिक व्हरांड्यातून थेट खोलीत शिरत असशील तर ती खोली स्वतंत्र घर धरली जाते.

आरोग्य विम्याबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा मिळतो, महिना दीडशे युरोच्या आसपास. स्वस्त पडतो म्हणून खासगी विमा घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट घ्यायचा मोह होतो. ती सूट एकदा घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही. एका सत्राचा प्रश्न असला तरी कुठलीही सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विभागाला विचार. आणि विद्यार्थी विमा सत्राबरोबर सुरू होतो. भाषेच्या कोर्ससाठी सप्टेंबरातच येणार असशील तर त्या आठवड्यांसाठी प्रवासी विमा वेगळा काढावा लागेल. ही फट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

व्हिसावरची शेवटची तारीख बघ. पूर्ण मुक्काम त्यात बसत असेल तर काही करायला नको. बसत नसेल तर मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज पोचायला हवा. लहान गावात हे कार्यालय अनेकदा गावात नसतंच, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथली वेळ मिळायला आणि जायला-यायला एक अख्खा दिवस धर.

अभ्यासात एक्स्चेंजची मुलं अडकतात ती विषय अवघड म्हणून नाही. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेच्या नोंदणीची खिडकी सत्राच्या मध्येच कधीतरी उघडते आणि बंद होते. सगळे तास केले, असाइनमेंट दिल्या, आणि परीक्षेच्या यादीत नाव नाही, असं झालं तर प्राध्यापकालाही फार काही करता येत नाही. पहिल्याच आठवड्यात परीक्षा कार्यालयाच्या पानावरून तारखा घेऊन फोनमध्ये टाक.

दुसरं असं की लेखी परीक्षा फेब्रुवारीत, काही मार्चमध्येही असतात. तुझ्या कॉलेजचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर परतीचं तिकीट काढण्याआधी हे गणित सोडव. तोंडी परीक्षा किंवा लेखी निबंधाचा पर्याय कधीकधी मिळतो, पण तो ऑक्टोबरात मागितला तर. जानेवारीत मागितला तर ‘आधी का नाही सांगितलं’ एवढंच ऐकायला मिळतं. पूर्ण सत्राचं ओझं ३० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. तुझ्या कॉलेजला तेवढे नको असतील तर तीसच्या तीस घेऊ नकोस. वीस-बावीस घे, त्यातला एखादा प्रयोगशाळेचा किंवा गटाने करायचा. शेकडो मुलांच्या व्याख्यानात कोणाशी ओळख होत नाही. चार जणांच्या प्रयोगात होते. वेळापत्रकात तासापुढे ‘सी.टी.’ असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. गुण १.० हे सर्वांत चांगले, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास, घरी आधीच सांगून ठेव, नाहीतर १.३ ऐकून काळजी करतील. आणि तास संपल्यावर सगळे बाकं वाजवायला लागले तर दचकू नकोस, त्या टाळ्या आहेत.

आता तुझा खरा प्रश्न, एकटं पडण्याचा. पडायला होतं. पण ते कधी आणि का होतं हे माहीत असलं की बराच भाग टाळता येतो. मोठ्या शहरातल्या आणि छोट्या गावातल्या एकटेपणात फरक आहे. छोट्या गावात सोमवार ते गुरुवार काही वाटत नाही: वर्ग, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ), स्वयंपाकघरात चार जण. शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास जर्मन मुलं पाठीवर बॅग आणि हातात मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन स्टेशनकडे निघतात. त्यांचं घर तास-दोन तासांवर असतं. शाळेतले मित्र, क्लब, आजी-आजोबा सगळे तिथे. ती रविवारी रात्री परत येतात. मधले दोन दिवस व्हरांडा रिकामा. रविवारी दुकानं कायद्याने बंद. सकाळी काही तास बेकरी आणि पेट्रोल पंप, एवढंच उघडं. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारून येतं. आमच्याकडे रडत येणारी मुलं बहुतेक नोव्हेंबरातल्या सोमवारी येतात, ती यामुळे. त्यांना वाटतं आपल्याला कोणी टाळतंय. टाळत कोणी नसतं, गावात कोणी नसतं.

म्हणून शनिवार-रविवार कधीही मोकळा सोडायचा नाही, निदान नाताळपर्यंत. इतर एक्स्चेंजची मुलं त्याच अडचणीत असतात, रविवारचं एकत्र जेवण त्यांच्याबरोबर ठरवून टाक. ‘परदेशी मुलांच्याच घोळक्यात राहू नका’ असा उपदेश सर्रास केला जातो; मला तो पटत नाही. रविवारी जे गावात आहेत त्यांच्याबरोबर राहायचं, त्यात काय चुकलं? एखाद-दुसऱ्या शनिवारी बाहेर पड. डॉइचलांडटिकिट (जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो) देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांवर चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर नाही. काही विद्यापीठांच्या सत्रशुल्कात याचंच विद्यार्थी तिकीट आलेलं असतं, म्हणून स्वतः विकत घेण्याआधी विचार. एखादा वर्गमित्र ‘ये कधी आमच्याकडे शनिवार-रविवार’ म्हणाला तर तारीख विचारून घे आणि खरंच जा. इथे लोक उगाच बोलावत नाहीत.

पण गावातल्या माणसांशी ओळख व्हायची असेल तर रस्ता एकच, फेरआइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. दहा-वीस हजारांच्या गावातही अशी कित्येक मंडळं असतात: गायन, बँड, हँडबॉल, टेबल टेनिस, बुद्धिबळ, पदभ्रमण, स्वयंसेवी अग्निशमन दल. विद्यापीठाच्या स्पोर्ट्समध्ये तुला विद्यार्थीच भेटतील. इथे दातांचा डॉक्टर, शाळेतली बाई, निवृत्त सुतार आणि अकरावीतला मुलगा एकाच टेबलावर खेळतात. आमच्याकडचा एक मुलगा असाच टेबल टेनिसला गेला होता. पहिल्या मंगळवारी कोणी त्याच्याशी फारसं बोललं नाही. त्याने बाकीच्यांबरोबर गोदामातून टेबलं ओढून आणली, जाळ्या लावल्या, दोन तास खेळला, शेवटी टेबलं परत दुमडून ठेवली. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी ताप होता म्हणून गेला नाही, तर चौथ्या मंगळवारी आत शिरल्या शिरल्या तिघांनी विचारलं, ‘मागच्या वेळी कुठे होतास?’ डिसेंबरात मंडळाच्या जेवणाला तो त्यांच्यातल्याच एकाच्या गाडीतून गेला. इथे ओळख गप्पांमधून होत नाही, हजेरीतून होते. एकदा जाऊन ‘कोणी बोललंच नाही’ म्हणून सोडून देशील तर काहीच हाती लागणार नाही. ओळीने चार आठवडे एकाच वारी, एकाच वेळी जा. बहुतेक मंडळं आधी काही वेळा फुकट येऊ देतात. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना ई-मेल टाक: मी फेब्रुवारीपर्यंत आहे, येऊ का? फक्त चार-पाच महिने आहेस याचं त्यांना काही वाटत नाही.

भाषेचा इथे संबंध येतो. वर्गात इंग्रजीवर भागेल, गावात नाही. बसचालक, हाउसमाइस्टर, औषधाच्या दुकानातल्या बाई जर्मनच बोलणार, आणि तेही स्थानिक वळणाचं. ट्युबिंगनला श्वाबियन, फ्रायबर्गला सॅक्सन. कोर्समधलं जर्मन शिकून आलेलेही पहिले काही दिवस गांगरतात. तुझं ए-वन उभं राहायला पुरे आहे, पुढे सरकायला नाही. विद्यापीठाचा सप्टेंबरातला सघन कोर्स मिळत असेल तर घे. नसेल तर गावातल्या फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे प्रौढांच्या सार्वजनिक शिक्षण केंद्रात, संध्याकाळचे वर्ग असतात आणि ते बरेच स्वस्त. व्याकरणापेक्षा चार कामांची वाक्यं घोटून पाठ कर: वेळ ठरवणं, वस्तू परत करणं, काय दुखतंय ते सांगणं, ‘जरा हळू बोला’ म्हणणं. दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, जिन्यावर शिरताना मोठ्याने अभिवादन करायचं. शहरात न केलं तरी खपतं, गावात ते लक्षात ठेवतात. फ्रायबर्ग आणि क्लाउस्थाल ही खाणकामगारांची गावं, तिथे ‘ग्लुक आउफ’ म्हणून बघ, चेहरे लगेच सैल होतात.

शेजाराचे नियम लिखित असतात, त्यामुळे ते सोपे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर; रविवारी व्हॅक्युम किंवा ड्रिल नाही, काचेच्या बाटल्याही कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट होतो. कचरा कागद, पॅकिंग, जैविक आणि उरलेला असा वेगळा. चुकीचा टाकलास तर चिठ्ठी येते आणि लहान इमारतीत तो कोणाचा हे सगळ्यांना कळतं. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नकोस, बहुतेकांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून पावती घे. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. खिडकी बंद ठेवून स्वयंपाक केलास आणि कपडे खोलीतच वाळवलेस तर भिंतीला बुरशी येते, आणि ती डिपॉझिटमधून वसूल होते. फोडणीचा धूर हा स्वतंत्र विषय आहे. स्मोक डिटेक्टरला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही, आणि तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर अख्खी इमारत रात्री चपला घालून बाहेर उभी राहते. झाकण, मंद आच, उघडी खिडकी, आणि स्वयंपाकघराचं दार बंद, म्हणजे धूर व्हरांड्यात जात नाही.

तब्येत बिघडली तर जीवघेण्या प्रसंगी ११२, एरवी दवाखाने बंद असताना ११६११७. साधं पॅरासिटामॉलही सुपरमार्केटात मिळत नाही, फक्त आपोटेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, आणि ती रविवारी आळीपाळीने एखादीच उघडी असते, कदाचित शेजारच्या गावातली. चार गोळ्या जवळ ठेव. गावातले डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत असंही होतं, तेव्हा बरी असतानाच विचारून ठेव की विद्यार्थ्यांना कोण घेतं.

एक अवघड गोष्टही सांगते. काही गावांत वेगळ्या रंगाचा माणूस रोज दिसत नाही. लोक बघतात, वयस्कर माणसं जरा जास्तच. बहुतेकदा ते कुतूहल असतं आणि अभिवादन केलं की संपतं. क्वचित तसं नसतं. कोणी दारू पिऊन काही बोलतं, बसमध्ये कोणी पाठ फिरवतं. त्यावर वाद घालत बसू नकोस, तिथून निघ. धमकी किंवा अंगावर येणं असेल तर पोलिसांना ११०. पण खोलीत येऊन गप्पही बसू नकोस, आंतरराष्ट्रीय विभागाला सांग. आम्हाला कळलं नाही तर आम्ही पुढच्या मुलांना सावध करू शकत नाही. रात्री उशिरा कुठल्या रस्त्याने येऊ नये हे वरच्या सत्रातल्या परदेशी मुलांना पक्कं माहीत असतं, त्यांना विचार.

नाताळचं नियोजन नोव्हेंबरातच कर. २४ डिसेंबरला दुपारी दुकानं मिटतात. २५ आणि २६ सरकारी सुट्ट्या. त्याला लागून रविवार आला तर तीन दिवस काहीच उघडत नाही. वसतिगृहात कोण राहणार आहे त्याची यादी करा, खरेदी २३ तारखेलाच उरका. कोणाच्या घरी बोलावलं तर नक्की जा, वेळेवर जा, काहीतरी छोटं घेऊन जा. मध्येच येणाऱ्या इतर सुट्ट्या राज्याप्रमाणे बदलतात, उदाहरणार्थ ३१ ऑक्टोबर सॅक्सनी-थुरिंगियात, १ नोव्हेंबर बवेरिया-बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, आणि नोव्हेंबरातला एक बुधवार फक्त सॅक्सनीत. फ्रीज रिकामा असताना हे कळू नये.

जाताना, साधारण जानेवारीच्या शेवटी, उलटी कामं सुरू कर. खोलीचा करार किती तारखेपर्यंत आहे आणि सोडण्याची सूचना द्यावी लागते का ते बघ. खोली ताब्यात देताना हाउसमाइस्टरबरोबर फिरून लेखी नोंद कर आणि तिचा फोटो काढ. आल्याच दिवशी खोलीचे फोटो काढले असतील तर भिंतीवरचा जुना डाग कोणाचा हा वाद होत नाही. देश सोडण्याआधीच्या आठवड्यात ब्युर्गरब्युरोत जाऊन पत्त्याची नोंद रद्द कर. त्या कागदाच्या प्रती विमा कंपनीला आणि रेडिओ-टीव्ही वर्गणीला पाठव, नाहीतर तू गेल्यावरही बिलं येत राहतील. जर्मन बँक खातं मात्र लगेच बंद करू नकोस. डिपॉझिट परत यायला दोन-तीन महिनेही लागतात आणि ते युरोपातल्या खात्यावर सहज येतं. गुणपत्रक तुझ्या कॉलेजला थेट पाठवतात की तुला, आणि उशिरा लागलेला निकाल त्यात कोण भरणार, हे परीक्षा कार्यालयातल्या माणसाला समोर भेटून विचार. छोट्या गावात तो माणूस बहुधा एकच असतो आणि तोवर तुला नावाने ओळखत असतो.